सरक, मी घेतो

"मागे कोण बसणार?" हा प्रश्न त्या महिन्यात चष्मेवाल्या बाईंना इतक्यांदा विचारला गेला, की शेवटी त्यांनी उत्तर देणंच सोडून दिलं. चिरंजीवांनी विचारला, सूनबाईंनी विचारला, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात गाठून विचारला. बाई गाडी घेणार, यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. जुनी घेणार म्हटल्यावर तर शहाणपणाचं कौतुकच झालं. पण ती असणार दोन दारांची, लांब नाकाची, लांबचा रस्ता झोकात कापायला म्हणून बनवलेली, आणि तिची मागची सीट म्हणजे नुसती मनाची समजूत, हे कळल्यावर घरात एकच गहजब झाला.

"नाकापेक्षा मोती जड होईल, आई," चिरंजीव म्हणाले.

"माझं नाक भक्कम आहे. चाळीस वर्षं चष्मा पेललाय त्याने."

चिरंजीव म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. वय चाळिशीच्या घरात, स्वभाव प्रेमळ, आणि आईच्या बाबतीत सगळं आपल्यालाच कळतं अशी ठाम समजूत. त्या रात्री जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघरात फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "काय करणार, म्हातारचळ लागलाय तिला." चष्म्यामागचे बाईंचे डोळे चांगले होते, पण कान त्याहून चांगले. त्या सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, "तरुणपणी चळायला कुणी वेळ दिला होता रे? तेव्हाचा राहिलेलाच आता लागलाय." चिरंजीवांनी फोन ठेवून दिला.

बाईंचं चष्म्याचं दुकान होतं. लांबट, बोळासारखं. मागच्या अंधाऱ्या खोलीत एक खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळा जन्म बाईंनी जगाला लांबचं दाखवण्यात घालवला, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला लांबचं म्हणून आली ती ती भिंत. आता दुकान सूनबाईंच्या हाती दिलं होतं. त्याही त्याच विद्येच्या, आणि कामाला चोख.

गाडी चालवणं बाईंना नवीन नव्हतं. उलट घरात सगळ्यात जास्त गाडी त्यांनीच चालवली. मुलाची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, भाजीबाजार, दुकानाचा माल, आणि अलीकडे नातवंडांची शाळा, सूनबाईंच्या आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या. "आई आहे ना, सोय होईल," हे वाक्य त्या घरात दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी तोंडून यायचंच. पण गावाबाहेर पडून हायवे लागला, की शेजारी बसलेले यजमान म्हणायचे, "सरक, आता मी घेतो." माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी हिशेब मागितला नाही. फक्त चांगला रस्ता आला की 'सरक' म्हणायचे, आणि बाई सरकायच्या. ते गेल्यावर तोच शब्द चिरंजीवांकडे वारशाने आला. त्यामुळे इतकी वर्षं स्टिअरिंग हाताळूनही गाडीचा पाचवा गिअर बाईंनी जन्मात टाकला नव्हता. भाजीबाजारात पाचवा गिअर लागत नाही.

म्हणून त्यांना गाडी हवी होती. सोयीची नको, हौसेची हवी.

आता निवड कशी केली, तर आपल्या धंद्याच्या पद्धतीने. दुकानात बाई कुणालाही 'नीट दिसतंय ना?' असं विचारत नसत. तसं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि चार दिवसांनी डोकं दुखतं म्हणून परत येतो. एक भिंग घालायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, का आधीचं बरं?" बाईंनी गाड्यांनाही हीच परीक्षा लावली. एक रुपेरी गाडी पाहिली, जवळजवळ नवी, आतून एखाद्या दिवाणखान्यासारखी. ती गिअर स्वतःच बदलायची, दिवे स्वतःच लावायची, आणि चाक रेषेवरून जरा हललं की स्टिअरिंग हातातून ओढून घ्यायची. बाईंना यजमानांची आठवण झाली. ती बाद.

मग शहराच्या टोकाला एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये हिरवी दिसली. वय बरंच, रंग बाटलीच्या काचेसारखा गडद, आणि हातानेच टाकायचे सहा गिअर. गिअरच्या दांड्याचं चामडं आधीच्या मालकाच्या तळव्याने गुळगुळीत झालं होतं. बाई आत बसल्या, तेव्हा सीटने त्यांना धरून ठेवलं. त्या दिवशी गाडीचं एक टायर बदलायला गेलं होतं म्हणून चालवून बघता आली नाही. पण बाई दुसऱ्या दिवशी आपला ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेल्या. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ आतच राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इंजिन खणखणीत आहे. क्लच वर्षभरात बदलावा लागेल. पण बाई, पांढरा हत्ती आहे हा. पोसावा लागतो."

"पांढरा कुठला? हिरवा आहे," बाई म्हणाल्या आणि शनिवारी चालवून बघायचं ठरवून आल्या.

आता घोडामैदान जवळ आलं. शनिवारी सकाळी चिरंजीव आपणहून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मी सोबत येतो." बाईंना जरा नवल वाटलं, पण बरंही वाटलं. पोरगं आहे शेवटी, येऊ दे.

शोरूमवाला दारातच उभा होता. त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि तो बोटाने वर ढकलायचा. बाईंचे हात तो नीट करायला शिवशिवायचे. त्याने नमस्कार केला तो चिरंजीवांना, आणि बाई तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "ती हिरवी गेली हो बाई. कालच विकली. पण तुमच्यासाठी एक फार सोयीची गाडी काढून ठेवलीय. सात माणसं आरामात बसतात."

बाई थबकल्या. सोयीची हा शब्द या माणसाच्या तोंडचा नव्हता. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकं झटपट कोण देतं, ते बाईंना पुरतं माहीत होतं. लायसन्ससाठी डोळे तपासायला येणाऱ्यांत काहीजण तक्ता पाठ करून यायचे. बोट ठेवायच्या आत घडाघडा अक्षरं म्हणायचे. अशा वेळी बाई शांतपणे सांगायच्या, "छान. आता खालच्या कोपऱ्यातला तो बारीक आकडा वाचा." तक्त्यावर आकडा नसायचाच. ज्याला दिसत असे तो म्हणायचा, कुठला आकडा? आणि पाठांतरवाला डोळे बारीक करून म्हणायचा, सात.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "आणि तिच्या पलीकडची ती निळी?"

शोरूमवाल्याने चष्मा वर ढकलला. "तीही गेली हो. दोन्ही एकाच गिऱ्हाइकाने नेल्या."

"निळी नव्हतीच," बाई म्हणाल्या.

शोरूमवाल्याने चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीव सात माणसांच्या गाडीचं टायर मोठ्या अभ्यासू चेहऱ्याने न्याहाळत होते.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," बाई म्हणाल्या. "फोन तू केलास याला?"

"केला. काळजी वाटते म्हणून केला, आई. एकटी कुठे जाशील, काही झालं तर..."

"काळजी, का सोय?"

"असं काय बोलतेस? आणि समजा सोय, तर काय चुकलं? मुलांना शाळेत कोण सोडणार तू असली गाडी घेऊन बसलीस तर? माझ्या सासूबाईंच्या फेऱ्या कोण करणार?" एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणीही खोटं पकडलं गेलं की त्याचे कानच आधी लाल व्हायचे.

बाईंना राग आला होता. नुसता राग नाही, संताप. आपल्या पोटच्या पोराने आपल्यामागे परक्या माणसाशी संगनमत करावं, आणि कशासाठी, तर आईने आयुष्यभर ड्रायव्हरकी करत राहावी म्हणून. पण तिथे उभं राहून भांडण्यात सकाळ घालवायची त्यांची तयारी नव्हती. सकाळ गाडीसाठी होती.

"हिरवी कुठे आहे?" त्यांनी शोरूमवाल्याला विचारलं.

"मागे. गाड्या धुतात तिथे," तो पडेल आवाजात म्हणाला. "थांबा, बाहेर काढतो."

"तुम्ही नाही. किल्ली द्या."

शोरूमवाला नियम म्हणून शेजारी बसला. चिरंजीव हट्ट म्हणून मागे बसले. त्या मागच्या सीटमध्ये गुडघे कानाशी आले आणि मान वाकडी झाली. "मागे कोण बसणार याचं उत्तर मिळालं," बाई म्हणाल्या. आरशात त्यांना त्याचा चेहरा दिसला. याच जागी, आरशाच्या याच कोपऱ्यात, त्यांनी त्याला वर्षानुवर्षं दप्तर मांडीवर घेऊन झोपलेला पाहिला होता. क्षणभर राग कमी झाला, पण गेला नाही.

क्लच जड होता. फाटकाशीच गाडी आचका देऊन बंद पडली.

"बघ," मागून आवाज आला.

"बघतेय ना," म्हणत बाईंनी पुन्हा चालू केली. या वेळी पाय हळू सोडला, आणि गाडी नाक वर न करता, गुमान रस्त्यावर आली. दुसरा गिअर. तिसरा. सिग्नल, पुन्हा पहिला. रस्त्यावरचा खडा न खडा तळहातांना कळत होता. वळणावर जेवढं वळवलं तेवढंच वळलं, कमी नाही, जास्त नाही. हे बरं, का आधीचं बरं, असं स्वतःला विचारायची गरजच पडली नाही. शोरूमवाला काहीतरी सर्व्हिसबद्दल सांगत होता, बाई ऐकत नव्हत्या.

घरं विरळ झाली. हायवेवर चढायचा रस्ता समोर आला.

"आई, थांब जरा कडेला," चिरंजीव म्हणाले. आता आवाजात भांडण नव्हतं. खरीच भीती होती, आणि म्हणून शब्द सवयीचे आले. "सरक, मी घेतो."

आणि मग जे झालं त्याची बाईंनाच पुढे कित्येक दिवस लाज वाटली. त्यांचा पाय आपोआप उचलला गेला. हात स्टिअरिंगवर सैल पडले. अंग आपसूक शेजारच्या बाजूला कललं. इतक्या वर्षांचं वळण होतं ते, त्याला विचारावं लागत नव्हतं. बाई खरंच सरकल्या.

पण कंबर जाऊन आपटली ती दोन सीटांमधल्या उंच, रुंद ठोकळ्यावर. चामड्याने मढवलेला ठोकळा, आणि त्यावर तो गिअरचा दांडा उभा. या गाडीत एका सीटवरून दुसऱ्या सीटवर सरकायची सोयच कुणी ठेवली नव्हती.

बाईंना हसू फुटलं. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता हसल्या. शोरूमवाल्याने घाबरून दाराची मूठ धरली.

"सरकायला जागाच नाही रे इथे," त्या म्हणाल्या.

"आई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. तीच धरून भाजीबाजारापर्यंत जात राहिले आजवर." त्यांनी सैल पडलेले हात पुन्हा आवळले आणि पायाखालचं पेडल दाबलं.

गाडीचं लांब नाक हायवेवर आलं. चौथा गिअर. इंजिनाचा आवाज आधी रुंदावला, मग शांत झाला. समोर कुठेही भिंत नव्हती. बाईंना इतका आनंद झाला होता की यजमान असते तर त्यांनाही त्यांनी आत्ताच्या आत्ता माफ केलं असतं, पण स्टिअरिंग दिलं नसतं. त्यांनी पाचवा टाकला. दांडा आपल्या जागी असा बसला, जसा काही तिथेच राहायला होता.

"बाई," शोरूमवाल्याने मूठ न सोडता विचारलं, "पसंत आहे असं समजू?"

"पसंत आहे. कागद तयार करा. आणि सोमवारी दुकानात येऊन तो चष्मा बसवून घ्या, खोटं बोलताना घसरतो तुमचा."

एक फाटा मागे पडला, मग दुसरा. मागच्या सीटवरून चिरंजीवांनी गुडघ्यांच्या मधून मान कशीबशी पुढे काढली. आवाज लहान मुलाचा झाला होता.

"आई, परत कुठून वळायचं, माहीत आहे का तुला?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि सहावा गिअर टाकला.