ओव्हन न लावता केलेलं लोणी

हसू नका मित्रांनो, पण तुमच्याशी बोलतंय ते एक पातेलं आहे. इनॅमलचं, फिकट हिरव्या रंगाचं, हॉलंडमधल्या झेलँड भागातल्या एका खेड्यातलं. माझ्या कडेचे दोन टवके पाहून नाक मुरडू नका. बावन्न वर्षं शेगडीवर बसा, म्हणजे कळेल.

मिनाच्या लग्नात तिच्या आत्याने मला आहेर म्हणून दिलं. माझ्यात वाटाण्याचं घट्ट सूप शिजलं, सफरचंदांचा मुरंबा झाला, मिनाची लेक कोरी लहान असताना तिचं दूध कितीदा उतू गेलं. "माझं पातेलं कधी काही करपू देत नाही," असं मिना आल्यागेल्याला सांगायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग मिनाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांचे उपाय करून संपले. ती बरी होणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेल्या दिवसांत तिच्या पोटात दोन घास टिकावेत आणि दुखणं जरा कमी व्हावं, एवढंच मागणं होतं. तेवढंही होत नव्हतं. खाल्लेलं सगळं उलटून पडायचं.

कोरी आता रॉटरडॅमला राहते. ती एकदा गांज्याची सुकी फुलं घेऊन आली. तिकडे ती दुकानात राजरोस मिळतात, आणि डॉक्टरही करून बघा म्हणाले होते. फुलं आधी मंद ओव्हनमध्ये भाजायची, मग लोण्यात घालून कितीतरी वेळ मंद आचेवर ठेवायची, गाळायची, आणि ते लोणी टोस्टला नखभर लावायचं. कोरीने सगळं कागदावर लिहून दिलं.

"बाबा, भाजल्याशिवाय त्यात गुण उतरत नाही," ती दोनदा म्हणाली. "बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका."

"मी काय लहान आहे?" लेन्दर्त म्हणाला.

लेन्दर्त म्हणजे मिनाचा नवरा. माणूस देवासारखा, पण चर्चच्या पंचांमधला. आमच्या गावात रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही, आणि दिवसा पडदा ओढला तर शेजारी विचारायला येतात. अशा गावात त्याने शनिवारी दुपारी ओव्हन लावला आणि फुलं आत ठेवली. पाच मिनिटांत असा वास सुटला की विचारू नका! लेन्दर्तने घाबरून ओव्हन बंद केला, फुलं बाहेर काढली आणि जशीच्या तशी माझ्यात, लोण्यात टाकली.

"भाजायचं राहू दे," तो स्वतःशीच पुटपुटला. "लोण्यात शिजतीलच की."

पण माझ्यातूनही वास यायला लागला. मग त्याने शेजारच्या शेगडीवर तवा ठेवला आणि ढीगभर कांदे तळायला घेतले. लोणी वितळून वाफ दिसली की तो मला लगेच उतरवायचा. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं की अरे बाबा, अजून काही उतरलं नाही त्यात! पण पातेल्याचं कोण ऐकतं?

दर शनिवारी हेच. शेजारची नेला खिडकीतून डोकावायची.

"लेन्दर्त, आज पण कांदे? अरे, ती आजारी, आणि तुझी दर शनिवारी मेजवानी!"

"मला आवडतात कांदे," लेन्दर्त म्हणायचा आणि लाल व्हायचा. उभ्या जन्मात तो इतकं खोटं बोलला नव्हता.

मग तो टोस्टला लोणी लावून मिनाच्या पलंगाशी घेऊन जायचा. पलंग स्वयंपाकघरालगतच्या खोलीत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय रे. पुष्कळ बरं."

तो शीळ घालत मला घासायला यायचा. त्याच्या पाठीमागे मिना हळूच तोंड बादलीत घालायची. मला ती शीळ ऐकवत नसे.

सहा आठवड्यांनी कोरी आली. आईचा चेहरा पाहून ती दारातच थबकली. स्वयंपाकघरात येऊन तिने गाळलेली फुलं पाहिली. ती अजून हिरवीगार होती. भाजलेली असती तर तपकिरी झाली असती.

"बाबा, ओव्हन लावत होता ना?"

लेन्दर्त तवा घासायला लागला.

"बाबा!"

"लोकांना वास गेला असता," तो म्हणाला. "मी पंच आहे कोरी. मी काय तोंड दाखवलं असतं?"

कोरी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने खिडकी सताड उघडली आणि ओव्हन लावला. उरलेली फुलं नीट भाजली, मग मला शेगडीवर ठेवून सगळी दुपार माझ्याजवळ उभी राहिली. पहिल्यांदाच मला कोणी घाईने उतरवलं नाही. वास पार गावाबाहेरच्या बांधापर्यंत गेला असेल. लेन्दर्त मिनाच्या पलंगाशी बसला होता.

"मग तू बरं वाटतंय म्हणत होतीस, ते काय होतं?"

"तू एवढं करत होतास. काय सांगू?" मिनाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "फक्त कांदे नको होते रे. कांद्याने फार मळमळायचं."

तेवढ्यात दार वाजलं. नेला आत आली आणि स्वयंपाकघरातच उभी राहिली.

"अगंबाई! हा तर आमच्या यानच्या वेळचा वास!" यान म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेलेला. "त्याच्या शेवटच्या दिवसांत मीसुद्धा करायचे हे लोणी. दोन घास जायचे बिचाऱ्याच्या पोटात."

लेन्दर्त उठून दारात आला. "मग कधी बोलली नाहीस ते?"

"तुला कशी सांगणार बाबा? तू पंच! दारं-खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबून करायचे मी, तुला वास जाऊ नये म्हणून."

लेन्दर्तने कोरीच्या हातून गाळणी घेतली आणि लोणी स्वतः गाळलं.

लोणी फार चांगलं झालं होतं. पण आता मिनाला गिळवत नव्हतं. लेन्दर्तने बोटाने इवलंसं तिच्या ओठांना लावलं, ते तसंच राहिलं. गुरुवारी ती गेली.

मित्रांनो, आता मी कपाटात असतं. लेन्दर्त मला बाहेर काढत नाही, आणि त्याचा मला राग नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझं इनॅमल जपलं नाही तरी चालेल. पण घरात कोणी कण्हत असेल तेव्हा लोक काय म्हणतील हे बघत बसू नका, सरळ जाऊन विचारा. नेलाचं दार आमच्या दारापासून अकरा पावलांवर आहे.