खादाड जॅक

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूचा जॅक आहे. लेथवर माझ्या पोटातले आटे कातले गेले, आणि दांडा फिरवला की इंच इंच वर चढून गाडी उचलायची, हे माझं काम ठरलं. एका मेकॅनिकच्या गॅरेजात मी उमेदीची वर्षं काढली.

त्याची थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते. आदर्श यंत्राचा धडा आला की ती मलाच वर्गात न्यायची. "घातलेली सगळी ऊर्जा कामाला लावतं ते आदर्श यंत्र. तसं जगात एकही नाही. आणि हा तर खादाड! निम्म्याहून जास्त ऊर्जा घर्षणातच खातो, तिची नुसती उष्णता होते." मुलं खिदळायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे तेलाच्या दाबावर चालणारा गुळगुळीत जॅक आला, तसा मी कोपऱ्यात पडलो. माझ्यावर गंज चढला.

एका दुपारी ताई भावाचा डबा घेऊन आली. तो व्हॅनखाली आडवा होऊन काम करत होता. व्हॅनला आधाराचा टेकू लावायचा त्याने कंटाळा केला होता. अचानक नव्या जॅकचं सील फुटलं, भळाभळा तेल वाहिलं आणि व्हॅन बसत बसत त्याच्या छातीवर टेकली.

"ताई... श्वास..."

"बाब्या, बोलू नकोस! आलेच मी!"

तिने मला फरफटत आणून व्हॅनखाली सारलं. मी बुटका म्हणून मावलो. पण गंजलेले आटे काही केल्या हलेनात. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिने दांड्यावर सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे मी कुरकुरत फिरलो. बोटभर चढलो, आणखी थोडा चढलो, आणि तिच्या घामेजल्या हातांतून दांडा निसटला.

तिने किंकाळी फोडली. व्हॅनचं वजन मला उलटं फिरवू पाहत होतं. मी आदर्श यंत्र असतो, तर गरकन फिरून खाली बसलो असतो. पण आट्यांनी आट्यांना घट्ट धरून ठेवलं. ज्या घर्षणाने तिची ताकद खाल्ली, त्यानेच मला जागचं हलू दिलं नाही.

तिने भावाला पाय धरून बाहेर ओढलं. तो खोकला, मग त्याने छातीभर श्वास घेतला.

"गाढवा, टेकू का नाही लावलास?" म्हणत तिने त्याला धपाटा घातला आणि त्यालाच मिठी मारून रडू लागली.

मित्रांनो, आमचा गंज काढत जा, वेळच्या वेळी ग्रीस लावा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर, अगदी माझ्याही, गाडीखाली शिरू नका. दांडा निसटला त्या क्षणी मी टिकेन की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.