बारा नंबरची कॉट

"एका वाक्यात लिहा. आपली संस्था नेमकी कशासाठी आहे?"

पुण्याहून आलेल्या अनिमेषने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या रुग्णसाहाय्य मंडळाच्या खोलीत परीक्षेच्या वर्गासारखी शांतता पसरली. अध्यक्ष शिवशरणअण्णांनी चार वाक्यं लिहिली, मागची बाजूही भरली. त्यात 'सर्वांगीण' हा शब्द तीनदा होता. भांडार सांभाळणाऱ्या इंद्रायणीबाईंची चिठ्ठी मात्र कोरीच राहिली. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं येऊ नये, याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

खरं तर येत होतं. आजारी माणसाच्या घरी कॉट द्यायची, वॉकर द्यायचा, पाण्याची गादी द्यायची. माणूस बरा झाला किंवा गेला, की ती वस्तू पुढच्याला. यज्ञेश्वर मास्तरांनी मंडळ काढलं ते याच कामासाठी, आणि त्यांचा एकच नियम होता. दिलेली वस्तू परत मागायची नाही. "ज्याच्या घरात दुखणं आहे त्याला दुसऱ्याची नड कळते. तो आपणहून आणून देईल," असं ते म्हणायचे. इंद्रायणीबाई तेव्हा नव्या होत्या. मास्तर जरा भोळेच आहेत, असं त्यांना वाटलं होतं. पण लोक खरंच आणून देत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, कॉट धुऊन पुसून, सुजलेल्या डोळ्यांनी दारात उभे राहत.

मास्तर गेले आणि अण्णा आले. अण्णा काही वाईट नव्हते, त्यांना फक्त फोटोची फार हौस. साधी कुबडी द्यायची तरी पेशंटच्या नातेवाइकाला बॅनर धरून उभं करायचे. लोक आधी लाजले, मग यायचेच बंद झाले. गेल्या सहा महिन्यांत मंडळाच्या दारात दोन माणसं आली, त्यातला एक पत्ता विचारायला. वीसच्या वीस कॉटा भिंतीशी उभ्या होत्या. लोकांचा विश्वास परत कसा मिळवायचा, हे शिकवायला अनिमेषला बोलावलं होतं.

माणूस समजूतदार निघाला. दुपारी त्याने अण्णांचं भाषण गोड बोलून थांबवलं. "उद्या प्रत्येकाने आपण मदत केलेल्या एका घरी जायचं," तो म्हणाला. "संस्थेची बाजू मांडायची नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं. कोण कुठे जाणार?"

"मंद्रूप," इंद्रायणीबाई पटकन म्हणाल्या.

"तेवढ्या लांब कशाला जाता बाई? पेठेतलंच एखादं घर घ्या की," अण्णा म्हणाले.

"नाही. मंद्रूपच."

दीड वर्षापूर्वी मंडळाचा तिसावा वर्धापनदिन झाला. वीस कॉटा रंगवून अंगणात एका ओळीत मांडायच्या आणि पुढे पाहुणे बसवायचे, असं अण्णांच्या मनात आलं. नऊ कॉटा लोकांच्या घरी होत्या. अण्णा म्हणाले, फोन करा. बाईंनी केले. मास्तरांचा नियम आठवला, पण निवृत्तीला अजून चार वर्षं होती, आणि अण्णांशी वाद घालायची ताकद नव्हती. नऊ घरांना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "कॉट सोमवारपर्यंत जमा करा." आठ घरांनी सबबी सांगितल्या, त्यांच्या कॉटा पुढे सवडीने आल्या. मंद्रूपहून मात्र दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून बारा नंबरची कॉट आली. ती बिरदेव नावाच्या म्हाताऱ्यासाठी नेलेली. खुब्याचं हाड मोडून तो पडून होता. बरा झाला असेल, नाहीतर गेला असेल, असं समजून बाईंनी टेम्पोवाल्याची सही घेतली. विचारलं काहीच नाही. तो न विचारलेला प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात कुसळासारखा सलत होता.

मंद्रूपला घर सापडायला वेळ लागला नाही. बिरदेवांची बायको कस्तुराबाई दारात शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"सोलापूरच्या मंडळातनं आले, मावशी. आपल्याला कॉट दिली होती बघा."

"व्हय, व्हय. या की आत. उनाचं आलाय." कस्तुराबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, घोंगडं टाकलं. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"काका कसे..."

"गेलं की. तुमची कॉट धाडली, त्येच्यानंतर एकोनीस दिसांनी."

इंद्रायणीबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "म्हणजे कॉट धाडली तेव्हा ते होते?"

"हुते की. खाली घोंगडं आंथरून निजवलं."

"अहो मावशी, मग फोनवर सांगायचं ना! आम्ही राहू दिली असती."

"सून सांगतच हुती. पन फोन मोठा करून ठिवलेला, मालकांनी बी ऐकलं. म्हनले, 'बाईचा आवाज लई घाईचा हाय. कुनीतरी आडलं आसंल. मी पाच म्हैनं निजलो, आता त्येला निजू द्या. उतरवा मला खाली.' सून रडली, मी भांडले. ऐकत्यात कुटं?" कस्तुराबाईंनी पदराने नाक पुसलं. "पाठ सारी सोलून निघाली. कूस बदलायची म्हनलं की वरडायचे. पन मदीच मला इचारायचे, 'त्यो निजला आसंल का गं आता बरा?'"

बाईंना हुंदका आवरेना. आपल्या एका घाईच्या वाक्याला त्या माणसाने कुणाचं तरी दुखणं समजावं, हे त्यांना सहन होईना. मास्तरांचा नियम मंडळाने मोडला होता, पण त्यामागचा विश्वास या भुईवर निजलेल्या म्हाताऱ्याने खरा केला होता.

"रडू नगा बाई. त्येंचं त्येंनी केलं." कस्तुराबाई जराशा पुढे सरकल्या. "पन एक इचारायचंच हुतं मला. आमच्याकडनं नेली ती कॉट कुनाला दिली? बरा झाला का त्यो मानूस?"

उत्तर जिभेवर तयार होतं. वैरागचा एक जण होता मावशी, चांगला हिंडाफिरायला लागला. एवढं म्हटलं असतं की म्हातारी सुखावली असती, आणि बाई साडेपाचच्या एसटीने परत गेल्या असत्या. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण याच घराला आपण एकदा विचार न करता एक वाक्य ऐकवलं आहे. दुसरं, तेही खोटं, त्यांच्याने बोलवेना.

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. रडण्यामुळे आवाज फाटून मोठा झाला. "कुणी अडलं नव्हतं मावशी. आमच्या अध्यक्षांना सगळ्या कॉटा ओळीत मांडून फोटो..."

"हळू बोला."

कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मधल्या खोलीत भिंतीवर फेटा बांधलेल्या बिरदेवांची तसबीर होती, तिला हार घातलेला होता. त्यांनी त्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं, कडी लावली, आणि परत येऊन समोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांगा."