घरचं माणूस

धाकटीनं भरलेली किटली थोरलीच्या पायाशी उपडी केली, तेव्हा मी काट्यावर बसले होते. गावच्या डेअरीत दूध मी मोजून घेते, त्यामुळे रोज सकाळी सगळ्या बायकांची रांग माझ्यासमोर असते आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला चुलीआधी कळतं. पण हातातलं दूध कुणी मातीत ओतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. अंधारात उठून, शेण काढून, कडबा घालून मिळवलेलं दूध. ते पायरीवरून खाली गेलं आणि दोन कुत्री तिकडं धावली.

"हे पण ने बुवांना," धाकटी म्हणाली. "माझं बाकी सगळं नेऊन दिलंस, आता एवढंच कशाला ठेवतेस?"

थोरलीनं आपल्या किटलीचं झाकण दाबून धरलं. "मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला घ्यायला हवं? गाव केवढं, त्यात अंगणं किती. कालचं प्रवचन संपायच्या आत सगळ्यांनी माझ्या पोटाकडं बघून घेतलं."

एरवी फॅट कमी लागलं तर माझं डोकं खाणाऱ्या रांगेतल्या या बायका, पण त्या दिवशी एकीनंही मशीनकडं पाहिलं नाही.

या दोघी जावा. एकाच गोठ्यात दोघींच्या दोन-दोन गाई, आणि धार काढायला एकीशिवाय दुसरी बसायची नाही. थोरलीचा नवरा लांब कारखान्यात, सुट्टी मिळाली तर येतो. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. धाकटीची दोन्ही पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, तिला मोठी आई म्हणतात. धाकटीचा नवरा भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. कुणाला कधी उलट बोललेला नाही, म्हणून गाव त्याला गरीब गाय म्हणतं. मी गाईंच्या संगतीत जन्म काढलाय, एवढी गरीब गाय मला काही भेटलेली नाही.

दुसऱ्या बाळंतपणात धाकटीचं रक्त थांबता थांबेना. शहरातल्या दवाखान्यात पोट फाडून पोरगी काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की आता तिसरं नको, पिशवी तग धरणार नाही. धाकटी ऑपरेशनला तयार होती. पण तेवढं ट्रॅक्टरचं काम उरकू दे, एवढा हंगाम जाऊ दे, असं करत नवऱ्यानं ते ढकललं. कामं काही उरकली नाहीत, आणि तिला दिवस राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच मोकळी झालीस तर निभावेल, पुढं माझ्या हातात काही नाही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन ये. तू राहिलीस तर घर राहील. वहिनीला सांग, ती पोरांकडं बघेल." म्हणून तिनं धार काढता काढता थोरलीला सांगितलं. थोरली "बरं" म्हणाली आणि उरलेली धार काढून उठली. त्या "बरं"वर धाकटी निवांत झाली. हे सगळं मला दोघींनीही नंतर सांगितलं, आपापल्या परीनं.

थोरलीला मात्र चैन पडेना. तिनं जाऊन बुवांच्या कानावर घातलं. गावाची प्रार्थना, प्रवचन सगळं बुवाच बघतात. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं तर रात्रभर उशाशी बसतात. पण पोटात काही राहत नाही त्यांच्या. प्रवचनात म्हणाले, आपल्याच गावात, आपल्याच एका अंगणात, न जन्मलेल्या जिवाचा निकाल लावायचं चाललंय. झालं.

मी म्हटलं, "भांडायचं तर बाजूला भांडा, मला दूध घ्यायचंय." पण कान माझाही तिकडंच होता.

"तू माझी धाकटी बहीण असतीस तरी मी हेच केलं असतं," थोरली म्हणाली. "जीव आहे तो. बोटाएवढा असला म्हणून काय झालं? मी तिघांना मातीत ठेवलंय. तुला काय कळणार ते."

"तुझी गेली तेव्हा मी रडले नव्हते का? तुझ्या शेजारी बसून रडले. तेव्हा मी म्हटलं का तुला, तू पाप केलंस म्हणून?"

"माझी आपणहून गेली. तू घालवायला निघालीयस."

"आणि मी गेले तर?"

"डॉक्टर सगळ्यांनाच भीती घालतात. त्या सुताराच्या बायकोला हेच सांगितलं होतं. तिचं पोरगं आज तिच्या खांद्याला लागलंय."

हे खरं होतं. सुताराची बायको रांगेतच होती, ती मान हलवून पुढं सरकली. मग दुसरी म्हणाली की तिची मावशी अशाच तिसऱ्या बाळंतपणात गेली, चार पोरं उघड्यावर टाकून. तिसरी म्हणाली तिसरं होतं तर चार पोरं कुठून आली, आणि सगळ्या हसल्या. धाकटी तेवढी हसली नाही. रिकामी किटली घेऊन ती निघून गेली.

संध्याकाळी बुवाच त्यांच्या अंगणात आले. मागं निम्मं गाव. मी पण गेले, खोटं कशाला बोलू. ट्रॅक्टर नुकताच दारात येऊन थांबला होता, नांगराच्या फाळाला ओली माती तशीच. नवरा हातपाय धुवून खांबाला टेकून उभा राहिला. थोरली स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही पोरं तिच्या अंगाला चिकटलेली.

बुवा हळू आवाजात बोलले. ओरडणं त्यांच्या स्वभावातच नाही. "बाळ, देवानं ठेव दिलीय तुझ्याकडं. ती मोडायचा हक्क आपल्याला नाही."

"ठेव ठेवायची तर पेटी धड हवी ना, बुवा?" धाकटी म्हणाली. "माझी फाटलीय. एकदा शिवलीय."

"त्याची काळजी त्याला आहे."

"आणि या दोघांची?" तिनं पोरांकडं बोट केलं. "मी गेल्यावर यांचं कोण करणार?"

बायका भराभर बोलायला लागल्या. एक म्हणाली मी दूध पाठवीन, एक म्हणाली माझ्या पोरीचे कपडे आहेत, सुताराच्या बायकोनं तर पाळणाच कबूल केला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, त्या घडीला तरी. पण माझ्या मनात आलं की पाळणा मिळेल, कपडे मिळतील, आईसाठी कुणी काय कबूल करणार?

धाकटी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाली, "हे माझं एकटीचं नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. त्यांना विचारा."

सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या.

नवऱ्यानं बुवांकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं. ज्यांच्या शेतात उद्या नांगर घालायचा होता, ते सगळे समोर उभे होते. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "मला यातलं काही माहीत नाही, बुवा. मी आत्ताच ऐकतोय."

धाकटी तोंड उघडं ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं थोरलीकडं पाहिलं. थोरलीला सगळं ठाऊक होतं, अगदी "वहिनीला सांग" या शब्दांसकट. एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. थोरलीनं मान खाली घातली आणि धाकट्या पोरीची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

त्या वेळी मला नवऱ्यापेक्षा थोरलीचा राग जास्त आला. त्याच्याकडून मी तशी काही अपेक्षा धरली नव्हती.

सकाळी दुधाचा टेम्पो कॅन घेऊन शहराकडं निघतो, त्यात मी असते. धाकटी पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती. काही न विचारता मी तिला चढवून घेतलं. वळणावर थोरली उभी. हात करून टेम्पो थांबवला आणि मागं कॅनच्या मधे येऊन बसली.

"पोरं?" धाकटीनं विचारलं.

"बापाकडं दिलीत. बघू दे एक दिवस." मग म्हणाली, "तू करतेयस ते पापच आहे. मी मरेपर्यंत तेच म्हणणार."

"मग कशाला आलीस?"

"त्यानं खोटं सांगितलं. मला माहीत होतं."

"काल माहीत होतं," धाकटी म्हणाली. थोरलीनं पदर डोक्यावर ओढून जप सुरू केला.

दवाखान्यात खिडकीपलीकडं नर्स कागद भरत होती. "सोबत कोण आहे? रक्तबिक्त लागलं तर धावपळ करायला घरचं माणूस लागतं."

"घरचं कुणी नाही," धाकटी म्हणाली.

नर्सनं पेन खाली ठेवलं. "मग आज जमायचं नाही, बाई. नवऱ्याला घेऊन या."

मी पुढं झाले. शेजारीण आहे म्हटलं, काय लागेल ते करते. नर्स म्हणाली शेजारीण चालत नाही. धाकटीनं खिडकीची कड धरली.

बाकावरून थोरली उठली. जप चालला होता तिचा, तो अर्धाच सोडला. मला बाजूला सारून तिनं पेन उचललं.

"मी थोरली जाऊ. कुठं सही करायची?"

नर्सनं बोट ठेवलं. थोरलीनं नाव दोनदा गिरवलं. मग नर्सकडं बघून ती म्हणाली, "हे पाप आहे, ताई. माझ्या नावावर लिहा."

नर्सनं कागद ओढून घेतला आणि धाकटीला म्हणाली, अंगावरचं काढून ठेवा आणि आत चला. धाकटीनं कानातलं काढलं, बांगड्या काढल्या. थोरलीनं घ्यायला हात पुढं केला होता. धाकटीनं ते सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि आत गेली.