आजची पकड

कोळणीने माशाला हात लावायचा नाही, असा नियम लिहिणारा शहाणा कोण असेल, ते फेलिशियाला एकदा बघायचंच होतं. कंपनीच्या नियमावलीत चौदाव्या पानावर तो होता: गिऱ्हाइकासमोर मासळी हाताळू नये, कल्ले उघडून दाखवू नयेत, ताजेपणाबद्दल विचारल्यास स्टिकर दाखवावा. आणि दुकानाबाहेरच्या पाटीवर, टोपलीवाल्या बाईच्या चित्राखाली, हातभर अक्षरांत लिहिलेलं, ‘कोळणीच्या हातची ताजी मासळी’. आता बोला!

पाचूबंदरच्या फेलिशियाने हे दुकान वसई रोडला, फ्लॅटवाल्यांच्या वस्तीत, पाच महिन्यांपूर्वी घेतलं. कंपनीचं नाव ‘ताजी लाट’. श्रीरंग नावाचा कंपनीचा तरुण साहेब बंदरावर येऊन म्हणाला होता, “मॅडम, नाव आमचं, चेहरा तुमचा.” ऐकायला गोड होतं. गाळ्याचं भाडं तिचं, वीज तिची, दुकानातल्या पोरींचे पगार तिचे, अनामत तिची. कंपनीची पाटी आणि कंपनीचे नियम. मासळी मात्र कंपनीचीच घ्यायची, भिवंडीच्या गोदामातून येईल ती. सख्ख्या भावाची, सिप्रियनची बोट अर्ध्या तासावर लागते, पण तिच्यातला एक बोंबीलही दुकानात आणायचा नाही. सगळ्या दुकानांत एकच दर्जा हवा, असं श्रीरंगने समजावलं आणि फेलिशियाने सही केली. दारोदार टोपली घेऊन फिरताना तिच्या आईचे, आग्नेसचे, गुडघे कामातून गेले होते. मुलीला पंख्याखाली बसून धंदा करावासा वाटला, यात तिचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. गिऱ्हाईक विचारायचं, “ताजी आहे ना?” आणि ती स्टिकरवर बोट ठेवून “हो” म्हणायची. स्टिकरवर छापलेलं असायचं, ‘आजची पकड’. कल्ले बघावेत तर ते गोदामातच काढलेले, स्वच्छतेसाठी म्हणे. मासा बोटाला मऊ लागायचा. बर्फाने होत असेल, असं ती मनाला सांगायची. पाच महिने तिने मनाला असंच गप्प बसवलं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी गाडी उशिरा आली. नेहमीच्या पांढऱ्या खोक्यांमध्ये एक निळा प्लास्टिकचा क्रेट होता, रावसांनी भरलेला. फेलिशियाने तो उचलायला हात घातला आणि तिथेच थांबली. क्रेटची एक मूठ तुटलेली, जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने बांधलेली. ती गाठ तिची स्वतःची होती. नाताळच्या आधी घराच्या ओट्यावर बसून तिने ती मारली होती.

तिने सिप्रियनला फोन लावला. “तुझा निळा क्रेट कुठंय?”

“मासळी उचलनाऱ्या मुकादमानं नेला तो नेला. शनवारी त्यातनंच रावस दिले त्याला. क्रेट काय अजून आनून देत नाय, चोर! का गो?”

“शनवारी?”

“शनवारी पहाटे.”

फेलिशियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या बोटीतून शनिवारी उतरलेला मासा मुकादमामार्फत भिवंडीला गेला, तिथे कल्ले काढून, स्टिकर चिकटवून मंगळवारी बहिणीच्या दारात परत आला होता. आणि तो आजचा म्हणून विकायचा कोणी? तिनेच. म्हणूनच तर चेहरा तिचा हवा होता!

तेवढ्यात मनोरमाकाकी आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकींनी तीस वर्षं आग्नेसकडून मासळी घेतली होती, आता तिच्या मुलीकडून घेत. महिन्याच्या तपासणीला आलेला श्रीरंग कोपऱ्यात वही घेऊन उभा होता.

“जावई यायचेत,” काकी म्हणाल्या. “रावस दे. ताजी आहे ना गं?”

फेलिशियाचा हात सवयीने स्टिकरकडे गेला आणि अर्ध्यावर खाली आला. आग्नेस शिळं पापलेट विकायची, पण शिळं आहे असं सांगून. फेलिशियाने अंगठ्याने रावसाच्या कल्ल्यावरचं झाकण उचललं. आत पोकळ.

“बघा. कल्लेच काढलेत, काय दाखवनार तुमाला? शनवारची हाय, काकी. माझ्याच भावाच्या बोटीची. घेऊ नका.”

काकींनी पिशवी मिटली. मग त्यांनी विचारलं, “आणि मागच्या रविवारी दिलीस ती?”

हे फेलिशियाला फार लागलं. “ती पन मी ‘हो’ बोलून दिली,” ती म्हणाली. लाजेने तिला मान वर करवेना.

श्रीरंग पुढे आला. “मॅडम, हा करारभंग आहे. पाटी उतरेल, अनामत जाईल. शिवाय कलम एकवीस. दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत तुम्हाला मासळी विकता येणार नाही.”

“दहात पाचूबंदर येतं.”

“येतं.”

“म्हंजे माझ्या गावात, माझ्या भावाची मासळी मी विकायची नाय?”

“सही तुमचीच आहे.”

“सही माझी! आनी आजची बोलून शनवारची विकायची, ते कुठल्या कलमात हाय? दाखवा की!”

श्रीरंगने वही उघडली आणि मिटली. फेलिशियाने कंपनीचा एप्रन काढला, रावस काचेच्या कपाटात ओतले आणि क्रेट काखेत मारला.

“तो कंपनीचा आहे, मॅडम.”

“कंपनीचा? मग ही गाठ कशी मारली ते सांगा.”

श्रीरंगने गाठ पाहिली आणि वाट सोडली.

आठ दिवसांत नोटीस आली. दुकानाला कुलूप लागलं, पाटी उतरली. पुढे काय होईल ते वकिलालाही सांगता येईना. फेलिशिया नोटीस पर्समध्ये घालून पाचूबंदरच्या लिलावाच्या जागेशेजारी, गुडघे गेल्यावर आई बसायची तिथे, निळा क्रेट मांडून बसली. कलम एकवीस गेलं खड्ड्यात.

रविवारी मनोरमाकाकी रिक्षाने आल्या. त्यांनी एक रावस निवडला आणि पिशवी पुढे केली. “दे.”

फेलिशियाने मासा दिला नाही. “आधी विचारा.”

“काय विचारू?”

“नेहमी विचारता ते.”

काकींनी पिशवी खाली घेतली. मग म्हणाल्या, “ताजी आहे ना गं?”

फेलिशियाने अंगठ्याने झाकण उचलून मासा त्यांच्यासमोर धरला. काकींनी वाकून लालभडक कल्ले नीट पाहिले. त्यांचं पाहून होईपर्यंत ती थांबली, आणि मगच म्हणाली, “हो.”