साताऱ्याहून दीड तासात

मी एक म्हातारं कबूतर हाय, मित्रांनो. मुक्काम सांगली, मानसिंगची गच्ची. अंड्यातनं निघालो ते हितल्याच खुराड्यात. मानसिंगनं मला आधी हरिपुरात नेऊन सोडलं, मग तासगावात, मग कराडात. दर बारीला मी घर गाठलं.

माझा मालक लय अवली. एकदा त्यानं पांढऱ्या कबुतराला हळद चोळून परदेशी जात म्हणून सगळ्या गल्लीला दाखवलं. त्या बिचाऱ्यानं परातीत आंघोळ केली तवा लोकांना कळलं. तवापास्नं मानसिंग खरं बोलला तरी लोक त्याला उलटंपालटं करून बघायची.

शर्यतीला मला सात वाजता साताऱ्यात सोडलं नि साडेआठला मी खुराड्यात. पंच हंबीररावांनी मोबाईल काढला.

"गाडीला सव्वादोन तास दाखवतंय. आणि ह्यो दीड तासात?"

"आवं आबा, ह्यो उंब्रजला च्या प्यायला थांबत न्हाई. रस्ता वळणानं जातोय, ह्यो सरळ."

"सरळ तू कवा झालास? ह्येचा जुळा भाऊ दडवला असशील हितंच."

सोडताना वळख म्हणून माझ्या पंखाखाली मारलेला शिक्का वाटंत पुसला गेला होता, त्यामुळं पुरावा न्हाई. मानसिंगचं तोंड उतरलं. त्यानं पैज लावली, "पुढच्या रविवारी पुन्यांदा सोडा. दोन तासांत आत न्हाई आला, तर खुराडं मोडतो."

रविवारी पहाटे हंबीररावांनी आपल्या पटक्याचा लाल दोरा माझ्या पायाला बांधला. गाठ त्यांच्या हातची. त्यांचा लेक यशराज मला साताऱ्याला घेऊन गेला आणि आठ वाजता सोडून त्यानं फोन केला.

साडेनऊला मी सांगलीवर होतो. खाली बघतो तर गच्चीवर पंधरा माणसं, त्यातल्या एकाचा फोन माझ्यावर रोखलेला. मला काय ते बरं वाटलं न्हाई. मी पाण्याच्या टाकीवर बसलो. खुराड्यात शिरल्याबिगर येळ धरत न्हाईत, हे मला कुठं ठावं?

मला खाली बोलवायला मानसिंगनं ज्वारीचा डबा उचलला.

"डबा ठेव," हंबीरराव म्हणाले. "काय खेळ असंल तुझा."

पावणेदहा झाले. मग मानसिंगची बायको हरणाबाई बोलली, "आबा, त्यो माणसांना बिचकलाय. समदी खाली जावा."

"आमी खाली, आणि तुमी वर अदलाबदल करणार, व्हय?"

"मग ह्येंनाबी न्या. कॉलरला धरून न्या. मीबी येते."

हंबीरराव माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. दोघांचाबी एकमेकांवर इस्वास न्हाई. शेवटी त्यांनी मानसिंगची कॉलर धरली, सगळ्यांना पुढं घातलं नि जिन्याचं दार लावून घेतलं.

गच्ची मोकळी झाली. तरीबी मी जरा थांबलो. मग आत शिरलो.

दहाच्या ठोक्याला हंबीरराव एकटेच वर आले. खुराड्यात हात घातला, पायाची गाठ बोटांनी चाचपली, मग दुसऱ्यांदा चाचपली. जिन्यात वाकून म्हणाले, "मानसिंग, वर ये रं. खुराडं राहू दे."

आता मी थकलोय, मित्रांनो, उडणं सुटलं. संशय खुशाल घ्या, मीबी घेतो. पर कुणाच्या टाकीवर दमलेलं पाखरू बसलेलं दिसलं, तर वाटीभर पाणी ठेवा नि दोन पायऱ्या खाली सरका. त्याचं खरं त्याला एकट्यानं करू द्या.