सालीपर्यंतचा रंग

मास्तर लाकूड बघत नसत, हुंगत. फळीच्या कडेवर रंध्याचा एक हात मारायचा, निघालेली ढलपी नाकाशी धरायची आणि नाव सांगून मोकळं व्हायचं, एवढीच त्यांची पद्धत. साग असो, शिसव असो की देवदार, दुसऱ्या श्वासाची गरज पडत नसे. मग ते नाव फळीच्या टोकावर खडूने लिहीत, आणि मास्तरांनी लिहिलेलं नाव लाकडाच्या वखारीतही कोणी खोडत नसे. याची त्यांना थोडी घमेंड होती. थोडी म्हणजे, बऱ्यापैकी.

गेल्या थंडीत त्यांना सर्दी झाली. आठवड्याने सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. मास्तरांनी हे कुणालाच कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा घरात दूध करपलं, सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मास्तर मात्र "छान आटलंय" म्हणत पेला रिकामा करून उठले. दूध सुनेच्या हातून करपलं होतं. तिला वाटलं, सासरे आपली बाजू घेतायत, म्हणून ती दोन दिवस खुशीत होती.

ही सून त्यांच्याच कारखान्यात काम करायची. नवऱ्याला लाकडात काडीची गोडी नव्हती, हिला होती. मापं घेणं आणि कापणी तिच्याकडे, ओळख आणि सांधे मास्तरांकडे, अशी वाटणी सहा वर्षं सुरळीत चालली होती. वास गेल्यावरही मास्तरांनी नजरेवर आणि हाताच्या अंदाजावर आठ महिने रेटले. येणारं लाकूड बहुतेक ओळखीचंच असायचं.

मग निवृत्त नर्सबाई सहा फळ्या घेऊन आल्या. त्यांची थोरली बहीण कायमची राहायला येणार होती. तिचे गुडघे गेलेले, म्हणून पलंग बुटका हवा होता आणि दणकट.

"वखारवाले म्हणाले, अक्रोड आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण मास्तरांना दाखवा म्हणाले. ते नाही म्हणाले तर परत आणा, त्यांनी नाव लिहिलं तर वखारीची जबाबदारी संपली."

मास्तरांनी ढलपी नाकाशी धरली. काही नाही. रंग गडद तपकिरी, अक्रोडासारखा. वजन जरा हलकं वाटलं. फळी उजेडात नेऊन उलटसुलट बघितली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. पण मास्तरांना लाकूड निरखताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आज निरखत बसले तर लोक विचारणार, आज काय झालं?

"अक्रोड," ते म्हणाले आणि खडू उचलला.

दुसऱ्या दिवशी सून कापणीच्या खुणा करायला बसली. झाडाच्या मधलं लाकूड म्हणजे गाभा, पक्का आणि गडद. सालीलगतचं लाकूड पांढरट आणि कच्चं, किडा लागतो तो आधी तिथे. अक्रोडात हे पांढरं हमखास असतं. ते शोधायचं, भार येणाऱ्या जागेवरून काढून टाकायचं, मग बाकीची आखणी, हे तिला मास्तरांनीच शिकवलेलं. तिने सहाही फळ्या उलटून पाहिल्या.

"बाबा, यात पांढरं सापडतच नाहीये."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. या फळीच्या कडेला साल चिकटलीय, तिथेही नाही."

मास्तर आले. कडेला बोटभर साल होती आणि तपकिरी रंग थेट तिला भिडला होता. गाभा कधी सालीला टेकत नाही. कुणीतरी हलकं, कच्चं लाकूड आतपर्यंत रंगात मुरवलं होतं.

सुनेने ढलपी हुंगली. "याला तर औषधाचा वास येतोय. काल तुम्हाला नाही आला?"

थाप मारायला जागा होती. वर पॉलिश चढलं की कुणाला कळणार होतं? दोन-तीन वर्षांनी भुसा गळायला लागला असता आणि एके रात्री ती गुडघ्यांची बाई पलंगासकट खाली आली असती. मास्तर स्टुलावर बसले.

"मला वासच येत नाही. थंडीपासून."

सुनेने ढलपी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे आठ महिने मी तुमच्या शब्दावर करवत चालवतेय, आणि तुम्ही अंदाजावर?"

"चुकलं माझं."

"ते मला नका सांगू. फळ्या घेऊन वखारीत चला."

वखारीत दोन हमाल, एक ठेकेदार आणि वखारवाला होता. मास्तरांचं नाक माहीत नाही असा त्यांत एकही नव्हता. वखारवाल्याने फळीचं टोक बघितलं.

"मास्तर, अक्षर तुमचंच ना? मग आता माझ्याकडे काय?"

"अक्षर माझं, पण मला वास येत नाही. आठ महिने झाले. हे अंदाजाने लिहिलं." मास्तरांचे कान तापले होते. "सालीजवळ बघ. रंगवलंय. त्या बाईंना फळ्या बदलून दे."

हमाल जमिनीकडे बघायला लागले. वखारवाल्याने कडेवर अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, "मलाही कुणीतरी बनवलं म्हणायचं." त्याने सहाही फळ्या आत ठेवायला सांगितल्या, दुसऱ्या ढिगातून एक ओढली आणि सवयीने तिची ढलपी काढून मास्तरांपुढे धरली. मग त्याचा हात तसाच राहिला.

"तिला दे," मास्तर म्हणाले.

सगळे सुनेकडे बघायला लागले. तिने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "नुसत्या वासावरून एवढं नाही कळत मला. फळी उजेडात घ्या, पांढरं कुठपर्यंत आहे ते बघते. वेळ लागेल."

कुणी हसलं नाही. हमालांनी फळी दारापाशी आणली. मला सांगता येत नाही. एवढंसं वाक्य मास्तरांना आठ महिन्यांत जमलं नव्हतं, आणि या पोरीने ते चारचौघांत म्हणून टाकलं. त्यांना तिचा हेवा वाटला. मग ते तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि सगळ्यांदेखत फळीची कड निरखू लागले.